घोडीचे नाक वाहते, दुखणे मात्र दाढेचे



या पानावर आपण एरवी लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, ठिबकचे अनुदान, फार तर बैलांचे खूर आणि गायींची कास यांवर लिहितो. घोड्यावर आजवर कधी सविस्तर लिहिले नाही. आपल्या कार्यक्षेत्रात घोडी आहेत तरी किती, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीनंतर रान मोकळे झाले की आपल्याच शेतात मेंढरांचे वाडे उतरतात, आणि प्रत्येक वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी एक-दोन घोडी असतातच. शिवाय वरातीची घोडी आहेत, हौसेने पाळलेली आहेत. ती सगळी आपल्याच घरातली जनावरे.

लिहिण्याचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, म्हणून ते आधीच सांगतो. २०२४ च्या श्रावणातील अंकात 'पावसाळ्यातील जनावरांचे आजार' या मजकुरात आम्ही एक वाक्य छापले होते. नाक वाहणाऱ्या जनावरास निलगिरीचा वाफारा द्यावा, आठ-पंधरा दिवसांत आराम पडतो, असे ते वाक्य होते. आमच्या एका सभासदाने ते वाचले, त्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या घोडीला महिनाभर वाफारा दिला. घोडीला सर्दी नव्हतीच. तिची दाढ मुळाशी सडली होती. पुढे काय झाले ते आम्ही जाऊन डोळ्यांनी पाहिले. ते सर्व सभासदांपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.

एकाच नाकपुडीतून पू

हे दोघे भाऊ. थोरले गावात राहून ऊस पाहतात, धाकटे मेंढरांमागे फिरतात. घोडी दहा वर्षांची, रंगाने कुमैत, बांध्याने बुटकी पण काटक. सात वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली. तंबू, भांडी, कोकरांच्या जाळ्या, प्रसंगी लहान पोर, सगळे हिच्या पाठीवर.

ऑगस्टमध्ये तिच्या डाव्या नाकपुडीतून पांढुरका पू येऊ लागला. आधी थोडा, मग मान खाली घातली की जास्त. सप्टेंबरात त्याला घाण वास सुटला. वाफारा झाला, हळद झाली, एका जाणत्याने नाकाडावर डाग द्यायलाही सांगितले. सुदैवाने तेवढे घरच्यांनी केले नाही.

दसऱ्याच्या सुमारास थोरले भाऊ कारखान्यावर आले आणि आमच्या टेबलावर तो जुना अंक ठेवून म्हणाले, "तुम्ही लिवलं तसं समदं केलं. आता वाड्याजवळ वासानं थांबवत न्हाई. फुडं काय करायचं ते बी लिवा."

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्याच दिवशी आम्ही १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावला आणि त्यांच्याबरोबर वाड्यावर गेलो.

डॉक्टरांनी आधी काय पाहिले

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पहिल्याने दोन्ही नाकपुड्या पाहिल्या, जबड्याखालच्या गाठी चाचपल्या, अंगावर कोठे फोड-जखमा आहेत का ते पाहिले. मग रक्ताचा नमुना घेतला आणि अहवाल येईपर्यंत घोडी वेगळी बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, नाकाला उघड्या हाताने शिवू नका, असे बजावले.

ही खबरदारी का, ते सर्वांनी लक्षात ठेवावे. घोड्याचे नाक वाहण्यामागे ग्लँडर्स नावाचा जीवघेणा रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याची खबर सरकारी दवाखान्यात देणे बंधनकारक आहे. हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तेथे या रोगाच्या तपासणीचे काम चालते. शिंगरांना आणि लहान वयाच्या घोड्यांना होणारा स्ट्रँगल्स हा दुसरा आजार. त्यात बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहतात, ताप येतो आणि जबड्याखालच्या गाठी पिकतात.

आपल्या घोडीला ताप नव्हता, गाठी नव्हत्या, आणि पू एकाच बाजूने होता. अहवालही निर्दोष आला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असला की नाकात बघण्याआधी तोंडात बघावं."

थोरल्यांना हे पटेना. "डॉक्टर, घोडी खातीया की चांगली. दाढ दुखत असती तर चंदीला तोंड लावलं असतं का?"

"आबा, तिथंच सगळी फसतात," डॉक्टर म्हणाले. "मूळ सडलेलं असतं तरी पुष्कळ घोडी खातच राहतात. खाणं सुटलं नाही म्हणून दात बरे आहेत असं धरायचं नाही."

मुळ्यासारखी दाढ

घोड्याच्या दाढा आपल्या दाढांसारख्या नसतात. तोंडात मागच्या बाजूला वर-खाली, डावी-उजवी अशा चार ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ६, म्हणजे एकूण २४ दाढा. तोंडात दिसतो तो दाढेचा शेंडा. बाकीची सारी लांबी हाडात पुरलेली असते. रानातला मुळा जसा वर चार बोटे आणि खाली वीतभर, तसलाच प्रकार. गवत आणि कडबा दळून शेंडा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतो आणि तेवढीच दाढ खालून वर सरकते. निसर्गाने जन्मभराची शिल्लक आधीच हाडात भरून ठेवलेली असते.

आता वरच्या जबड्यात डोळ्याखाली हाडाच्या आत पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. वरच्या ओळीतल्या मागच्या दाढांची मुळे या पोकळ्यांच्या तळाशीच असतात, मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा. मूळ सडले की पू पोकळीत साचतो आणि तिथून त्याच बाजूच्या नाकपुडीतून गळतो. म्हणून रोग दाढेत आणि लक्षण नाकात. वाफाऱ्याने सर्दी हटेल, पण मुळाशी सडलेली दाढ कशी हटणार?

बिघडते ती बहुधा पुढून चौथी दाढ. कायमच्या दाढांत ती सर्वांत आधी, शिंगरू वर्षाचे असतानाच येते, म्हणून तिची झीजही सर्वांत जुनी. वरच्या दाढांच्या माथ्यावर दोन खोलगट नळ्या असतात. त्या जन्मतः नीट भरलेल्या नसल्या तर तिथे चारा अडकून कुजतो, कीड खोल उतरते आणि एक दिवस मुळाशी पोचते. आपल्या घोडीचे तेच झाले होते.

यात्रेला नेऊन विकायचा सल्ला

दिवाळी तोंडावर होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघणार. दाढ काढायची तर घोडी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायची, राहायचे, खर्च करायचा, आणि पुढे काही आठवडे तिच्यावर ओझे नाही.

त्याच आठवड्यात एक ओळखीचा दलाल वाड्यावर येऊन गेला. आम्ही तिथेच बसलो होतो. तो म्हणाला, "कशाला एवढा घोर? यंदाच्या यात्रेत काढून टाका. सकाळी नाक धुवायचं, तेल लावायचं, मान वर बांधून ठेवायची. मान वर असली की पू येत न्हाई. गिऱ्हाईक वय बघायला फुडचं दात बघतंय, दाढंपतूर कुणाचा हात जातोय?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हेच वाईट. बाजारात वय पाहतात ते पुढच्या दातांवरून. दाढा पाहायला तोंड उघडून धरणारे साधन आणि उजेड लागतो.

धाकटे काही बोलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या आई. चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "सात वरसं हिच्या पाठीवर आमचा संसार फिरला. हिचं दुखणं झाकून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं, आन् त्येनं बी तिला तशीच वझ्याखाली घालायची? त्यापरीस दोन मेंढ्या इका."

दोन मेंढ्या विकल्या. दलाल चहा पिऊन गेला.

उभ्या घोड्याची दाढ

नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात घोडी दवाखान्यात नेली. आमच्या मनात चित्र होते ते घोडी पाडून, पाय बांधून, हातोड्याने दाढ ठोकण्याचे. तेथील सर्जन डॉक्टरांनी ते चित्र पुसले.

पूर्वी पुष्कळ ठिकाणी घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवा पाडीत, गालफडाच्या हाडाला भोक पाडून मुळाच्या बाजूने पहार लावून दाढ तोंडात ठोकून काढीत. त्यात हाडाचे आणि दाढेचे तुकडे मागे राहत, जखमा वाहत राहत. १९९० नंतरच्या काळात उभ्या घोड्याची दाढ तोंडातूनच काढण्याची जुनी रीत सुधारून पुन्हा पुढे आली, कारण आता गुंगीची आणि बधिर करण्याची औषधे चांगली आहेत. स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या पशुवैद्यकांनी १९९८ ते २००३ या काळात अशा रीतीने हाताळलेल्या १०० घोड्यांचा अनुभव २००५ मध्ये प्रसिद्ध केला. हाडातून ठोकून काढण्याची रीत आजही आहे, पण दाढ मोडलीच किंवा पकडीत येत नसली तर.

आधी एक्स-रे काढला. डाव्या वरच्या चौथ्या दाढेच्या मुळाभोवती काळसर वलय आणि सायनसमध्ये पुवाची आडवी रेघ आम्हांलाही दिसली. मग शिरेतून गुंगीचे औषध दिले. घोडी उभीच राहिली, मान मात्र जड झाली, ती टेकणावर ठेवली. डोळ्याच्या खालच्या अंगाने लांब सुई घालून त्या बाजूची शीर बधिर केली. तोंडात पोलादी साधन बसवून जबडा उघडा ठेवला, तोंड धुतले, आरसा आणि दिवा आत गेला. दाढेच्या माथ्यावर काळे भोक होते, त्यात कुजका चारा.

यानंतरचे काम म्हणजे निव्वळ धीर. दाढ आणि हाड यांच्यामध्ये बारीक, चिवट तंतूंचे अस्तर असते. तेच दाढ धरून ठेवते. डॉक्टरांनी आधी चपट्या हत्याराने हिरडी सोडवली. मग दोन दाढांच्या फटीत पाचरीसारखा चिमटा घालून तो काही मिनिटे नुसता धरून ठेवला. आधी पुढच्या फटीत, मग मागच्या. त्यानंतर लांब दांड्याची पकड दाढेवर बसवून दांडे घट्ट बांधले आणि हलवायला सुरुवात केली. ओढणे नाहीच. नुसते डावीकडे किंचित, उजवीकडे किंचित.

अर्धा तास झाला. तास झाला. दाढ हलल्याचे आम्हांला दिसेना. आम्ही न राहवून म्हणालो, "डॉक्टर, आता एक हिसका द्या ना."

ते हात न थांबवता म्हणाले, "तुम्ही शेतकरी माणसं. कोरड्या रानातलं गाजर हिसका देऊन उपटलं तर काय होतं?"

"मोडतं."

"मग रान सैल होईपर्यंत थांबायचं. मूळ आत मोडून राहिलं तर ही घोडी पुन्हा महिनोन्महिने पू गाळील."

धाकटे घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. दीड तासाच्या पुढे कधीतरी आवाज बदलला. चिखलातून पाय काढताना येतो तसा पचपच आवाज. हिरडीच्या कडेला फेसाळ रक्त आले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसले. "तंतू सुटले," ते म्हणाले. तरीही आणखी काही वेळ हलवणे चालूच. शेवटी पकडीखाली, पुढच्या दाढेवर, टेकूचा तुकडा ठेवला आणि दांडा सावकाश दाबला. दाढ खाली सरकली, आतल्या अंगाने कलली आणि बाहेर आली. सुरुवात केल्यापासून सव्वादोन तास झाले होते.

थाळीतली दाढ बोटभर लांब आणि जाड होती. वास सांगायला नको. डॉक्टरांनी ती धुऊन मुळे मोजली. वरच्या दाढेला ३ मुळे असतात. तिन्ही सबंध होती. तरीही खड्ड्यात बोट घालून तपासले आणि पुन्हा एक्स-रे काढला. खड्ड्याच्या तोंडाशी चारा जाऊ नये म्हणून बूच बसवले. ते तोंडाशीच बसवायचे, खोल ठासायचे नाही, म्हणजे खालून मांस भरून येते. हाडाला लहान छिद्र पाडून सायनसमध्ये नळी ठेवली आणि पुढे आठ दिवस मिठाच्या निर्जंतुक पाण्याने ती पोकळी धुतली. धनुर्वाताची लस, जिवाणूनाशक आणि वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या हिशेबाने. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, त्यामुळे लसीत हयगय नको.

दुसऱ्या दिवशी घोडीने भिजवलेला कोंडा आणि कोवळे गवत खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात नाक कोरडे झाले. बिऱ्हाड यंदा उशिराने आणि टेम्पोतून निघाले. घोडी मागून मोकळी चालत गेली.

दाढ गेली, काम संपले नाही

पुष्कळांना वाटते की दाढ काढली म्हणजे सुटलो. तसे नाही. वरची दाढ गेली की तिच्या समोरची खालची दाढ घासायला कोणी उरत नाही. ती झिजत नाही, पण वर येत राहते. दोन-तीन वर्षांत ती वरच्या रिकाम्या जागेत घुसते आणि घोड्याला जबडा आडवा फिरवता येत नाही. म्हणून दर सहा महिने ते वर्षाने ती कानशीने घासून घ्यावी लागते, घोडा जिवंत असेपर्यंत. आपल्या घोडीची पहिली घासणी मे २०२५ मध्ये झाली. थोरल्यांनी ऊसनोंदीच्या वहीतच शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवली आहे.

ज्यांच्या दारात घोडे आहे त्यांनी एवढे पाहावे:

१. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असेल तर वाफारा, धुरी, डाग यांत दिवस घालवू नयेत. आधी डॉक्टर. तोवर जनावर वेगळे बांधावे.

२. खाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे पडणे, लिदीत सबंध दाणे येणे, मान वाकडी करून चावणे, लगामाला झगडणे ही दातांच्या त्रासाची लक्षणे आहेत. ती नसली तरी दाढ चांगलीच असते असे नाही.

३. खालच्या जबड्याच्या कडेला एका बाजूला दुखरी गाठ येऊन तिला भोक पडले तर तेही दाढेचे मूळ सडल्याचे लक्षण असू शकते. तीन-चार वर्षांच्या घोड्याला दोन्ही बाजूंना सारख्या, न दुखणाऱ्या गाठी येतात त्या बहुधा नव्या दाढा येतानाच्या असतात. त्यांना हात लावू नये.

४. ठोकून किंवा हिसका देऊन कोणाकडूनही दाढ काढून घेऊ नये. मोडलेले मूळ सडलेल्या दाढेपेक्षा महाग पडते.

५. वर्षातून एकदा तोंड उघडून सगळ्या दाढा दाखवून घ्याव्यात. यात्रेत घोडे घेतानाही पुढचे दात पाहून थांबू नये. मान खाली सोडायला सांगावी, दोन्ही नाकपुड्या पाहाव्यात, वास घ्यावा.

श्रावणातल्या त्या वाक्याबद्दल आम्ही या पानावरच दिलगिरी व्यक्त करतो. यापुढे जनावरांच्या औषधोपचाराचा मजकूर पशुवैद्यकांनी वाचल्याशिवाय येथे छापला जाणार नाही. तसे आम्ही थोरल्या भावांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "छापा की. पर आज्जीनं काय म्हटलं ते बी छापा. दाढंपरीस ते मोठं हाय."

म्हणून तेही छापले आहे. काढलेली दाढ त्यांनी आम्हांला दिली. ती धुऊन, वाळवून शेतकी विभागाच्या कपाटात माती-नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी ठेवली आहे. बिल न्यायला किंवा नोंद द्यायला याल तेव्हा जरूर पाहा, आणि घरी घोडे असेल तर पाहून झाल्यावर त्याचे तोंडही एकदा दाखवून घ्या.